जनुक कुठं असतं, ओवी कुठं असते? पातळ्यांचा घोळ आणि त्याची किंमत

आजचा विषय ऐकायला थोडा रुक्ष आहे: जनुक कशाला म्हणायचं आणि सांस्कृतिक माहिती कशाला म्हणायचं. पण बघा, हा विषय आपल्या तोंडी रोज असतो. मुलगा बापासारखा निघाला की आपण ‘खाण तशी माती’ म्हणून मोकळे होतो. एखाद्या घराण्यात गाणं असलं की ‘ते त्यांच्या रक्तातच आहे’ असं म्हणतो. या दोन्ही वाक्यांत बापाकडून मुलाकडे काहीतरी गेलं, एवढंच सांगितलेलं असतं. काय गेलं, कोणत्या वाटेनं गेलं आणि ते नेमकं कुठं साठवलेलं होतं, यातलं काहीच त्यात नसतं. रियाजाला ऐकत बसलेलं मूलही त्याच घरात वाढतं आणि त्याच आईबापांचं डीएनएही घेऊन येतं. ‘रक्तात आहे’ म्हणताना आपण हे दोन्ही एका गाठोड्यात बांधतो.

सामान्य माणसानं असं बांधलं तर बिघडत नाही. पण गेल्या शंभर वर्षांत शास्त्रज्ञांनी आणि विशेषतः शास्त्रावर लोकप्रिय पुस्तकं लिहिणाऱ्यांनीही हेच गाठोडं वेगवेगळ्या नावांनी बांधलेलं आहे. आज आपण ते सोडून बघू. आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे ऐकताना तपासता येईल. जनुकाची किंवा सांस्कृतिक माहितीची व्याख्या करताना आपण कोणत्या पातळीवर उभे आहोत, म्हणजे रेणू, पेशी, शरीर, कुटुंब की समाज, हे सांगितलं नाही, तर व्याख्या चुकीची ठरण्याआधीच निरुपयोगी होते. आणि या घोळाची किंमत पुस्तकातल्या पानांना मोजावी लागत नाही. ती कुणाच्या तरी हातातल्या तपासणीच्या कार्डाला, कुणाच्या तरी जमणाऱ्या किंवा मोडणाऱ्या लग्नाला मोजावी लागते.

शब्दाचा थोडा इतिहास

मेंडेलनं वाटाण्यावरचे प्रयोग १८६५ मध्ये मांडले, १८६६ मध्ये ते छापून आले. त्यानं ‘जनुक’ हा शब्द वापरला नव्हता. ‘जीन’ हा शब्द डेन्मार्कच्या विल्हेम योहानसेननं १९०९ मध्ये रूढ केला. गंमत अशी की योहानसेन फार सावध माणूस होता. हा शब्द कोणत्याही गृहीतकाला बांधलेला नसावा, हीच त्याची इच्छा होती. पिढ्यांमध्ये काही फरक ठरावीक हिशेबानं उतरतात, त्या हिशेबासाठी एक सोयीचं नाव हवं, इतकंच. म्हणजे जनुक हा सुरुवातीला जमाखर्चाच्या वहीतला शब्द होता. ती वस्तू कशाची बनलेली आहे, हे वहीत लिहिलेलं नव्हतं.

पुढे मॉर्गनच्या प्रयोगशाळेत फळमाश्यांवर काम झालं. १९१३ मध्ये स्टर्टेव्हंटनं जनुकांचा पहिला नकाशा काढला. जनुकं गुणसूत्रावर माळेतल्या मण्यांसारखी ओळीनं असतात, हे चित्र तिथून आपल्या डोक्यात बसलं. १९४४ मध्ये एव्हरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की आनुवंशिक गुण वाहून नेणारा पदार्थ डीएनए आहे. १९५३ मध्ये त्याची रचना कळली. मग सगळ्यांना वाटलं, आता मणी सापडला.

पण त्याच दशकात सिमोर बेंझर नावाच्या शास्त्रज्ञानं जिवाणूवर वाढणाऱ्या एका विषाणूत हा मणी फोडून बघितला. त्यानं तीन साधे प्रश्न विचारले. कार्य करणारा सलग तुकडा केवढा? बदल होऊ शकतो असा सर्वांत लहान तुकडा केवढा? आणि अदलाबदलीत एकमेकांपासून वेगळा होऊ शकतो असा सर्वांत लहान तुकडा केवढा? तोवर धरून चाललेलं होतं की तिन्हीचं उत्तर एकच: एक जनुक. बेंझरला तीन वेगवेगळी मापं मिळाली आणि त्यानं तिन्हींना वेगवेगळी नावं दिली. त्यातलं सिस्ट्रॉन हे नाव काही काळ चाललं, बाकीची दोन विसरली गेली. आपण पुन्हा ‘जनुक’ या एकाच शब्दावर आलो, आणि तिथंच आजच्या घोळाचं बी पडलं.

एक अक्षर, अनेक मजले

आता एक खरं उदाहरण घेऊ. सिकलसेल. विदर्भात किंवा नंदुरबार भागात राहणाऱ्या श्रोत्यांना हा शब्द नवा नाही. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, नंदुरबार या जिल्ह्यांत आदिवासी समाजांबरोबर इतर समाजांतही हा आजार आहे.

आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा एक भाग म्हणजे बीटा-ग्लोबिन. त्याची कृती डीएनएच्या साधारण सोळाशे अक्षरांच्या पट्ट्यात लिहिलेली असते. सलग नव्हे, मध्ये दोन ठिकाणी न वाचली जाणारी पानं घालून. सिकलसेलमध्ये यातलं एक अक्षर बदललेलं असतं. जी-ए-जी च्या जागी जी-टी-जी. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. हे व्हर्नन इन्ग्रॅमनं १९५६-५७ मध्ये शोधलं. ऑक्सिजन कमी झाला की अशा हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दोऱ्या तयार होतात, तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. मग असह्य दुखणं, रक्तक्षय, जंतुसंसर्ग.

आता सांगा, इथं जनुक केवढं? बदल मोजायचा तर एक अक्षर. काम मोजायचं तर सोळाशे अक्षरं. पिढ्यानपिढ्या एकत्र प्रवास करणारा पट्टा मोजायचा तर आजूबाजूची आणखी हजारो अक्षरं, कारण सिकलसेलचं अक्षर जगाच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या शेजाऱ्यांसह आढळतं. भारतात आणि अरबस्तानात आढळणाऱ्या पट्ट्याचं नावच ‘अरब-भारतीय’ आहे. या शेजाराबरोबर गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त प्रमाणात टिकतं आणि त्यामुळे आजाराची धार काही जणांत कमी होते. अर्थात, त्यावरून भारतातला सिकलसेल सौम्यच असतो असं कुणी समजू नये. नागपूर परिसरातल्या रुग्णांत तो तीव्रही दिसतो.

शाळेत आपण शिकलो की जनुकाचं एक रूप प्रभावी असतं, दुसरं अप्रभावी. मग सिकलसेलचं रूप प्रभावी की अप्रभावी? परीक्षेत एका शब्दात उत्तर लिहावं लागतं. पण मजले बदलून बघा.

शरीराच्या मजल्यावर ते अप्रभावी. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर आजार. एकच बदललेली असेल तर माणूस वाहक, एरवी ठणठणीत. पेशीच्या मजल्यावर उत्तर मधलं. ऑक्सिजन फार कमी केला तर वाहकाच्या पेशीही वाकतात. प्रथिनाच्या मजल्यावर दोन्ही रूपं बरोबरीची. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये विद्युतक्षेत्रात हिमोग्लोबिन चालवून दाखवलं की वाहकाच्या रक्तात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी दिसतात. आणि मलेरियाच्या प्रदेशात चौथंच उत्तर येतं. अँथनी ॲलिसननं १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं की वाहकाला मलेरियापासून संरक्षण मिळतं. त्या संरक्षणाला एकच प्रत पुरते, म्हणजे या गुणापुरतं तेच रूप प्रभावी.

एकच अक्षर, चार उत्तरं, आणि चारही बरोबर. प्रभावी असणं हा त्या अक्षराचा अंगभूत गुण नव्हताच. आपण कुठून बघतो आणि कोणता गुण मोजतो, त्यावर तो ठरत होता. शाळेच्या पुस्तकानं प्रश्न विचारताना मजला सांगितला नाही, एवढाच घोळ.

डॉकिन्सचा डाव

आता टीकेकडे वळू. रिचर्ड डॉकिन्सचं ‘द सेल्फिश जीन’ १९७६ मध्ये आलं. आपल्यापैकी अनेकांनी ते वाचलं असेल, न वाचलेल्यांनीही त्यातला ‘मीम’ हा शब्द मोबाईलवर रोज वापरला असेल. पुस्तक उत्तम लिहिलेलं आहे, आणि त्याची एक गोष्ट आम्ही मानतो. डॉकिन्सनं जनुकाची व्याख्या लपवलेली नाही. जॉर्ज विल्यम्सच्या १९६६ च्या मांडणीवरून त्यानं घेतलं की, गुणसूत्राचा जो तुकडा निवडीचं एकक ठरण्याइतक्या पिढ्या टिकू शकतो, तो जनुक. ही व्याख्या उत्क्रांतीच्या लांब पल्ल्याच्या हिशेबाला योग्य आहे. शरीरं मरतात, तुकड्याच्या प्रती राहतात. हिशेब प्रतींचा ठेवायचा. ठीक.

अडचण पुढच्या पानांवर होते. या व्याख्येत तुकड्याची लांबी ठरलेली नाही आणि तो शरीरात काय करतो हेही नाही. तरी बोलता बोलता हा तुकडा अमुक वागणुकीसाठीचं जनुक, तमुक गुणासाठीचं जनुक होतो. टिकण्याच्या पातळीवरची व्याख्या घेऊन लेखक घडवण्याच्या पातळीवर उतरतो, जिन्यानं उतरल्याचं सांगत नाही. यावर डॉकिन्सचं उत्तर तयार असतं: ‘अमुक गुणासाठीचं जनुक’ म्हणजे, बाकी सगळं सारखं असताना ज्याच्या फरकानं त्या गुणात फरक पडतो ते. उत्तर प्रामाणिक आहे. पण ‘बाकी सगळं सारखं असताना’ या चार शब्दांत पेशी, शरीर, डास, शेत, समाज असे सगळे मजले कोंबलेले आहेत. मलेरियाच्या गावात सिकलसेलचं अक्षर ‘मलेरियापासून वाचण्यासाठीचं जनुक’ ठरतं. मलेरिया नसलेल्या शहरात राहायला गेलेल्या त्याच कुटुंबात ते तसं ठरत नाही. अक्षर तेच.

आणि तो डासही आकाशातून पडलेला नसतो. फ्रँक लिव्हिंगस्टोन या मानववंशशास्त्रज्ञानं १९५८ मध्ये पश्चिम आफ्रिकेबद्दल मांडलं की जंगल तोडून शेती सुरू झाली, उघड्या जागी पाणी साचायला लागलं, मलेरिया पसरवणाऱ्या डासाला पैदाशीच्या जागा मिळाल्या आणि मग सिकलसेलच्या अक्षराचं प्रमाण वाढलं. शेतीची पद्धत ही शिकलेली, शिकवलेली गोष्ट. म्हणजे रेणूच्या मजल्यावरच्या एका अक्षराचं भाग्य समाजाच्या मजल्यावरच्या माहितीनं ठरवलं.

मग डॉकिन्स शेवटच्या प्रकरणांत संस्कृतीकडे येतो. जनुकासारखंच एक एकक तिथंही असलं पाहिजे म्हणून तो ‘मीम’ मांडतो. उदाहरणं काय? गाण्याच्या चाली, कल्पना, कपड्यांच्या फॅशन, मडकी घडवण्याच्या रीती. नीट बघा. चाल हवेत ऐकू येते. कल्पना डोक्यात असते. फॅशन लोकांच्या अंगावर दिसते. मडकं घडवण्याची रीत हातात, चाकात आणि मातीत मिळून असते. एका यादीत चार मजले. हे डॉकिन्सलाही जाणवलं असावं, कारण १९८२ च्या ‘द एक्स्टेंडेड फेनोटाइप’मध्ये त्यानं सुधारणा केली: मीम म्हणजे मेंदूतली माहिती, चाल, कपडे वगैरे तिचे बाहेर दिसणारे परिणाम. सुधारणा नेटकी आहे. पण तिनं नवी पंचाईत केली. माझ्या मेंदूतून तुमच्या मेंदूत थेट काहीच जात नाही. तुम्ही मला गाताना ऐकता आणि आपल्या डोक्यात चाल नव्यानं जुळवता. डॅन स्पर्बर या मानववंशशास्त्रज्ञानं यावरच बोट ठेवलं: संस्कृतीत बहुतेक वेळा नक्कल होत नाही, पुनर्रचना होते. मग प्रत कशाची निघाली?

दोन ओव्या

हे आपल्या भाषेत बघू. मराठीत ‘ओवी’ या एका नावाच्या दोन गोष्टी आहेत, आणि आजच्या विषयाला त्यांच्याइतकं चांगलं उदाहरण आम्हाला तरी दुसरं सुचत नाही.

पहिली ग्रंथातली ओवी. ज्ञानेश्वरी तेराव्या शतकाच्या शेवटी झाली. पुढची तीनशे वर्षं ती हातानं उतरवली जात राहिली. शब्द बदलले, ओव्या घातल्या गेल्या, गळल्या. १५८४ मध्ये एकनाथांनी प्रती ताडून ती शुद्ध केली आणि यापुढे कुणी त्यात आपल्या पदरची भर घालू नये असा इशाराही दिला. इथं प्रत्येक बदल हा दोष आहे. तो शोधायचा, काढायचा.

दुसरी जात्यावरची ओवी. पहाटे दळताना बाया म्हणतात ती. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात ऐकता-वाचता येतात. या ओवीत बदल हा दोष नसतो. भावाचं नाव घालायचं, माहेरच्या गावाचं नाव घालायचं, समोरची बाई म्हणाली तिला धरून पुढची ओळ रचायची, हीच तिची रीत. जिला जशीच्या तशी म्हणता येते पण आपलं काही घालता येत नाही, तिला ओवी अर्धीच आली.

आता मीमवाल्यांचा प्रश्न विचारा: ओवीत ‘उत्परिवर्तन’ म्हणजे काय? ओळ बघून उत्तर देताच येत नाही. ग्रंथाच्या ओवीत एक शब्द बदलला तर चूक झाली. जात्यावरच्या ओवीत तसाच एक शब्द बदलला तर ओवी झाली. चूक कशाला म्हणायचं याचा नियम ओळीत लिहिलेला नाही. तो वरच्या मजल्यावर आहे: एकीकडे पोथीची परंपरा आणि तिचा संपादक, दुसरीकडे जात्याभोवतीच्या दोघीजणी आणि त्यांची रीत.

जनुकाच्या बाबतीत हे लागू नाही असं वाटेल. तिथंही लागू आहे. डीएनएची प्रत निघताना चूक झाली तर पेशीतली दुरुस्तीची यंत्रणा ती पकडते. कशी? जुन्या आणि नव्या धाग्यातली अक्षरं एकमेकांना जुळत नाहीत, त्यावरून. ही संधी थोडा वेळच असते. एकदा दोन्ही धागे जुळले की बदललेलं अक्षर पेशीच्या दृष्टीनं बदललेलं राहतच नाही. सिकलसेलचं अक्षर चुकीचं आहे हे पेशीतल्या दुरुस्तीवाल्याला कधीच कळत नाही. ते आजारी मुलाच्या आईला कळतं. ‘चूक’ हा शब्द शरीराच्या मजल्यावरून खाली नेलेला असतो.

वाचणारा बदलला की

यावरून पुढची गोष्ट येते. माहिती म्हटली की आपण लिहिलेलं बघतो, वाचणारा विसरतो. क्लॉड शॅननचा १९४८ चा माहिती-सिद्धान्त माहिती मोजायला शिकवतो, पण अर्थ त्यानं जाणूनबुजून बाहेर ठेवला होता. त्याच्या मापानं जी-ए-जी आणि जी-टी-जी यांच्यात कमी-जास्त काहीच नाही. फरक पडतो तो वाचणाऱ्या यंत्रणेमुळे.

याचा पुरावा अलीकडेच मिळाला. २०२३ च्या अखेरीस ब्रिटननं आणि मग अमेरिकेनं सिकलसेलवर ‘कॅसजेव्ही’ नावाच्या उपचाराला मान्यता दिली. क्रिस्पर तंत्रानं जनुकसंपादन करणारा हा पहिला मान्यताप्राप्त उपचार. ऐकणाऱ्याला वाटतं, बिघडलेलं अक्षर दुरुस्त केलं असणार. तसं काही करत नाहीत. सिकलसेलचं अक्षर अकराव्या गुणसूत्रावर जसंच्या तसं राहतं. कात्री चालते ती दुसऱ्या गुणसूत्रावरच्या एका वेगळ्याच जनुकाच्या नियंत्रक तुकड्यावर. त्यामुळे गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनवरचं बंधन सैल होतं, ते पुन्हा भरपूर तयार व्हायला लागतं आणि पेशी वाकायच्या थांबतात. जनुक तेच, आजाराचा जोर मात्र गेला. अमेरिकेत या उपचाराची जाहीर किंमत २२ लाख डॉलर आहे. म्हणजे गडचिरोलीतल्या रुग्णाच्या दृष्टीनं तो अजून बातमीच आहे, हेही लक्षात ठेवू.

याच्या शेजारी जातं ठेवून बघा. गावात पिठाची गिरणी आली. कुणीही ओव्यांवर बंदी घातली नाही. बायांच्या आठवणीतून त्या पुसल्याही गेल्या नाहीत; संग्राहकांनी विचारलं तेव्हा एकेकीनं शेकड्यांनी म्हणून दाखवल्या. पण पहाटेचं दळण गेलं, समोरासमोर बसून तासभर एकाच लयीत हात चालवण्याचा प्रसंग गेला आणि नवी सून ओवी शिकायची ती वेळच गेली. मेंदूतली माहिती शाबूत, तिचा वंश थांबला. डॉकिन्सच्या १९८२ च्या व्याख्येप्रमाणे मीम मेंदूत सुरक्षित होतं. मग नेमकं काय संपलं, हे ती व्याख्या सांगू शकत नाही. आणि ध्वनिफितीत ज्या ओव्या राहिल्या आहेत, त्यांची प्रत आता अगदी अचूक निघते. पण जिच्यात भावाचं नाव बदलत नाही अशी ती प्रत आहे. जात्यावरची ओवी संग्रहात जाऊन ग्रंथातल्या ओवीसारखी झाली. संग्रह करणाऱ्यांनी केलेलं काम अमोलच आहे. कोणत्या मजल्यावरचं काय वाचलं आणि काय गेलं, तेवढं स्पष्ट म्हणायला हवं.

निर्मूलन कशाचं?

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तिथं येऊ. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथं राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मिशन सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट आहे. तपासणीनंतर कार्ड मिळतं, लग्नाआधी समुपदेशन होतं. काम गरजेचं आहे, त्यात वाद नाही. प्रश्न ‘निर्मूलन’ या शब्दाचा आहे. कशाचं निर्मूलन? आजाराचं, की जनुकाचं?

कागद-पेन्सिल घेऊन बघू. समजा, एका समाजात या अक्षराचं प्रमाण दहात एक आहे. १०० माणसं, प्रत्येकी दोन प्रती, एकूण २०० प्रती, त्यांतल्या २० सिकलसेलच्या. लग्नं योगायोगानं होत असतील तर साधारण १८ वाहक आणि १ रुग्ण. म्हणजे २० पैकी १८ प्रती निरोगी माणसांत. आता समजा प्रत्येक वाहकानं वाहक नसलेल्याशी लग्न केलं. पुढच्या पिढीत नवा रुग्ण जवळपास कुणी जन्मणार नाही. आजार संपला. आणि अक्षराचं प्रमाण? तेवढंच. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला वाहक होण्याची शक्यता निम्मी, म्हणून वाहकांची संख्या टिकून राहते. शरीराच्या मजल्यावर मोहीम शंभर टक्के यशस्वी, आणि समाजाच्या मजल्यावर जनुक सुखरूप. यात काहीही वाईट नाही, कारण वाहक असणं हा आजारच नव्हे. पण मजला न सांगता ‘निर्मूलन’ म्हटलं की ऐकणारा वाहकालाच निर्मूलन करायच्या वस्तूंच्या यादीत टाकतो. कार्डावर ‘वाहक’ लिहिलेल्या मुलीचं स्थळ मग वाहक नसलेल्या घरातूनही मोडतं, जिथं शास्त्राप्रमाणे मोडायचं काहीच कारण नव्हतं.

आणखी एक हिशेब. सारख्या आकाराचे दहा समाज आहेत. एकातच या अक्षराचं प्रमाण दहात एक, बाकी नवांत शून्य. प्रत्येक समाज आपल्यातच लग्नं करत असेल तर त्या एका समाजात शंभरात एक मूल आजारी, म्हणजे सगळे मिळून दहा हजारांत दहा. आता दहाही समाजांत लग्नं सरमिसळ झाली असं धरा. एकूण प्रमाण शंभरात एक होतं, आणि आजारी मुलं दहा हजारांत एक. डीएनएमधलं एकही अक्षर न बदलता आजार दहापट कमी. मग पहिल्या परिस्थितीतले जास्तीचे नऊ आजार कशामुळे? लग्नाच्या नियमामुळे. आणि तो नियम कुठं आहे? कुण्या एका मेंदूत मण्यासारखा नाही. वधूवर सूचक मंडळात आहे, मध्यस्थांत आहे, गोतात आहे, लोक काय म्हणतील यात आहे. नियम मनातून न मानणारी माणसंसुद्धा तो पाळतात. ही समाजाच्या मजल्यावरची माहिती आहे आणि तिचा परिणाम मुलाच्या तांबड्या पेशीत उतरतो. तरीही आपण म्हणतो, ‘हा आजार त्या समाजाच्या रक्तातच आहे.’

यावरून आम्ही कुणाला कुणाशी लग्न करा असं सांगत नाही. तो ज्याचा त्याचा निर्णय. दोष कुणाच्या खात्यावर मांडला जातो, तेवढंच दाखवायचं होतं.

मग सगळंच सगळ्याशी जोडलेलं?

इथं एक हरकत येते, आणि ती रास्त आहे. सगळंच सगळ्या पातळ्यांवर अवलंबून असेल तर शास्त्र करायचं कसं? ‘सगळं जोडलेलं आहे’ हे वाक्य खरं असलं तरी त्यानं काहीच कळत नाही. डॉकिन्सनं निदान हिशेब तरी ठेवला. हे मान्य. म्हणूनच आम्ही पातळ्या एकमेकींत कालवा असं म्हणत नाही. उलट त्या वेगळ्या ठेवा आणि एकीवरून दुसरीवर जाताना जिना दाखवा, असं म्हणतो. मेनार्ड स्मिथ आणि सॅथमारी यांनी १९९५ मध्ये उत्क्रांतीतली मोठी स्थित्यंतरं मांडली, तेव्हा त्यांनी हेच केलं: सुट्या रेणूंपासून गुणसूत्रं, एकट्या पेशींपासून शरीर, आणि शेवटी माणसाची भाषा. प्रत्येक ठिकाणी माहिती साठवण्याची आणि पुढे देण्याची रीत बदलते, म्हणून एककही बदलतं. त्यांच्या यादीवर वाद घालता येतो, कारण मजले लिहिलेले आहेत.

तेव्हा पुढच्या वेळी ‘अमुक गोष्टीचं जनुक सापडलं’ अशी बातमी आली, किंवा ‘हे आपल्या संस्कृतीच्या डीएनएमध्येच आहे’ असं कुणी व्यासपीठावरून म्हणालं, तर चार प्रश्न विचारू. प्रत कशाची निघते? ती वाचतं कोण? फरक कुठं दिसतो? आणि चूक कोण ठरवतं? सिकलसेलमध्ये प्रत डीएनएची निघते, वाचते पेशी, फरक दिसतो शरीरात, आणि चूक ठरवतो माणूस. जात्यावरच्या ओवीत प्रत निघते ती ओवी रचण्याच्या रीतीची, वाचते समोर बसलेली बाई, फरक दिसतो गाण्यात, आणि चूक ठरवतात दोघी मिळून. चारही उत्तरं एकाच मजल्यावरची असतील असं समजायचं कारण नाही. बहुतेक वेळा ती तशी नसतातच.

आणि तपासणीचं कार्ड घेऊन कुणी आपल्याकडे आलं, तर त्यावरचा ‘वाहक’ हा शब्द मोठ्यानं वाचण्याआधी हे चार प्रश्न मनात म्हणू. पुढच्या व्याख्यानात आपण दूध पचण्याच्या क्षमतेकडे आणि पशुपालनाच्या इतिहासाकडे वळणार आहोत. तिथंही हेच मजले पुन्हा भेटतील. आज इथं थांबतो.